गाडीचा खोकला

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर कानाचं चित्र काढलं, त्यात एक टिंब दिलं आणि त्या टिंबाभोवती पेन इतक्या वेळा गोल फिरवलं की कागद फाटायच्या बेतात आला. टिंब म्हणजे गाठ. जिवाला धोका नव्हता, पण ती वाढत होती, काढायलाच हवी होती, आणि काढताना ऐकण्याची शीर काही वाचणार नव्हती. आईचा डावा कान लहानपणीच्या तापात गेलेला. पुढचा सगळा संसार तिनं उजव्या कानावर केला. चोवीस दिवसांनी, सोमवारी सकाळी, तोही जाणार होता.

डॉक्टर हे सगळं आईच्या उजव्या बाजूला वाकून मोठमोठ्यानं सांगत होते.

"ओरडू नका हो," आई म्हणाली. "अजून चोवीस दिवस आहेत."

शेजारच्या खुर्चीवर तिचा एकुलता एक मुलगा भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसला होता. वय पन्नास, बाजाराच्या तोंडाशी किल्ल्यांचं छोटं दुकान. वडिलांचंच दुकान ते. आधी त्यांना आणि आता याला सगळा बाजार 'किल्लीवाला' म्हणूनच हाक मारतो. मग आपणही तेच म्हणू.

घरी आल्यावर जेवताना याद्या सुरू झाल्या. माणसांना दुःख झालं की याद्या करायला लागतात, त्याला कोण काय करणार! किल्लीवाल्याच्या बायकोनं कागद-पेन घेतलं आणि विचारलं, "आई, तुम्हाला काय काय ऐकायचं आहे ते सांगा. गाणी लिहू का?"

"गाणी पाठ आहेत मला. मनातल्या मनात लावीन."

"मग कोणाशी फोनवर बोलायचंय?"

"फोनवरची माणसं जन्मभर तेच तेच बोलतात," आई म्हणाली. मग पाण्याचा पेला जागच्या जागी फिरवत बसली. "मला यांची गाडी ऐकायची आहे. एकदा. संध्याकाळी, कोपऱ्यावरून वळताना."

किल्लीवाल्याचा घास हातातच राहिला.

कारण ती गाडी त्यानंच विकली होती. बाबा गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. ते गेल्यावर गाडी जिन्याखाली उभी होती, आणि येता-जाता ती दिसली की त्याला दारात कोणाच्या तरी चपला राहून गेल्यासारखं वाटायचं. महिन्याच्या आत त्यानं ती बाजारातल्या चष्मेवाल्याला देऊन टाकली. आईला विचारलं नाही. उलट आपण तिचा ताप वाचवला, असं त्याला वाटलं. कसला वाचवला, डोंबल! त्या संध्याकाळी साडेसहाला आई ओट्याशी उभी राहिली, गॅसवर आधण ठेवलं आणि खिडकीकडे पाठ करून बराच वेळ तशीच थांबली. एकोणीस वर्षांत एका शब्दानं बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर हा कधीच मोकळा झाला असता.

आणि याचं स्वतःचं काय? गाडी गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून याला ती हवी झाली. एका सिलिंडरची, काळी, टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यांसाठी रबराचे ठोकळे. लहानपणी बाबा त्याला टाकीवर बसवायचे. मांड्यांना तो गार पत्रा लागायचा आणि खालून इंजिनाची ऊब यायची. दुकानात काउंटरमागे बसल्या बसल्या अजूनही त्याचा उजवा पाय आपोआप किक मारायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, मुंग्या आल्या. दर वर्षी एकदा तो चष्मेवाल्याकडे जाऊन विचारायचा, "देता का परत?" चष्मेवाला दर वर्षी मान हलवायचा, "नाही रे. जीव आहे तिच्यात माझा." दोघंही घोटभर चहा प्यायचे आणि हा परत यायचा. नव्या गाड्या येऊन गेल्या, बायकोनं एक स्कूटर घ्यायला लावली, पण दुसऱ्या गाडीवर याचं मन काही बसलं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो चष्मेवाल्याकडे गेला. आईचं सगळं सांगितलं. चष्मेवाल्यानं आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "आजच ने. पण एक अडचण आहे. गॅरेजच्या कुलपाची किल्ली हरवली आहे."

"कधी?"

"झाली असतील सहा वर्षं."

"सहा वर्षं! अहो, मग मला हाक मारायची! माझा धंदा काय आहे?"

"तुलाच कसा बोलावणार?" चष्मेवाला अगदी रडकुंडीला आला. "अख्ख्या बाजारात किल्लीवाला तू एकटा. तू कुलूप उघडलं असतंस आणि आत बघितलं असतंस. किल्ली हरवायच्या आधीपासूनच मी तिच्याकडे बघितलं नव्हतं रे. दर वर्षी तू यायचास आणि मला वाटायचं, आता कोणत्या तोंडानं देऊ!"

यावर काय बोलायचं? दोन शहाणीसुरती माणसं, एकाच बाजारात बसणारी. एकाला कुलूप उघडता येतं, एकाला उघडून हवंय, आणि मधल्या मध्ये गाडी गंजतेय.

किल्लीवाला तसलं कुलूप गप्पा मारता मारता उघडायचा, पण त्याला त्या दिवशी पाव तास लागला. दार उघडलं, आणि आतली ती अवस्था! वरची ताडपत्री फाटून लोंबत होती, चाकं बसली होती, सीटच्या स्प्रिंगा बाहेर आल्या होत्या आणि दिव्याच्या काचेत कोळ्यांनी घर केलं होतं. त्याला वाईट वाटलं, चष्मेवाल्याचा रागही आला. पण त्याहून जास्त त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला. त्यानं टाकीवर तळवा ठेवला. डाव्या ठोकळ्याचा कोपरा तुटलेला होता. तो त्यानंच सातव्या वर्षी ब्लेडनं कापला होता आणि त्यासाठी मार खाल्ला होता. बोट तिथं बरोबर बसलं. चष्मेवाला मागून "माफ कर रे, माफ कर रे" करत होता, पण ऐकतोय कोण!

गाडी हातानं ढकलत त्यानं बाजारातून मिस्तरीच्या गॅरेजवर नेली.

मिस्तरी म्हणजे जुन्या गाड्यांचा जाणता माणूस. बारीक, पांढऱ्या मिश्या, आणि अभिमान इतका की त्याच्या वजनापेक्षा तोच जास्त भरेल. त्यानं गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून हवेच्या डब्यात हात घातला आणि मूठभर चिंध्या नि कागदाचे कपटे बाहेर काढले.

"भाऊ, ही गाडी नाही. उंदरांची वसाहत आहे. किती दिवस आहेत आपल्याकडे?"

"तेवीस."

"कसले तेवीस! तीन महिने लागतील."

किल्लीवाल्यानं आईचं सांगितलं. मिस्तरीनं मिशीवरून बोट फिरवलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "मग उभे काय राहिलात? तो पाना द्या इकडे."

त्यानंतर किल्लीवाल्याचं दुकान दुपारीच बंद व्हायला लागलं. पिस्टन सिलिंडरला असा चिकटला होता की त्यात तेल ओतून चार दिवस नुसती वाट बघावी लागली. पाचव्या दिवशी मिस्तरीनं लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं हलके ठोके दिले, आणि पिस्टन केसभर सरकला तेव्हा दोघांनी एकमेकांना मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. टाकीत नट-बोल्ट आणि पेट्रोल घालून ती दोघांनी दोन टोकांना धरून घुसळली. आतून चहाच्या रंगाचा गंज निघाला. कार्बोरेटरची बारीक भोकं बुजली होती. क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. आणि हे सगळं जमल्यावर ठिणगीच पडेना. तो एक दिवस असा गेला की मिस्तरी कोणाशी बोलला नाही, जेवलाही नाही. संध्याकाळी वायरिंगमध्ये उंदरानं कुरतडलेली एक जागा सापडली. तिला त्यानं अशी शिवी घातली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

मिस्तरीचा एक नियम होता. काढलेलं जुनं सामान तो एका कापडी पिशवीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "मागाहून कोणी म्हणायला नको, की मिस्तरीनं बदललं काहीच नाही आणि बिल फाडलं." किल्लीवाल्यानं ती पिशवी नेऊन दुकानात खिळ्याला अडकवली आणि विसरून गेला.

ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी दुपारी गाडी सुरू झाली. नुसती सुरू नाही, पहिल्या किकला. आवाज असा एकसारखा, गोल, मऊ, की मिस्तरीनं टाकीवर पाण्याचा पेला ठेवला आणि थेंब सांडला नाही. किल्लीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्तरीच्याही आलं होतं, पण तो म्हणाला, धूर गेला.

बरोबर साडेसहाला किल्लीवाला कोपऱ्यावरून वळला, घराखाली आला, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवलं आणि एका दमात दोन मजले चढून वर गेला. आई ओट्याशी उभी होती.

"ऐकलीस?"

"हो. छान वाटतेय," आई म्हणाली. "कोणाची आहे?"

आता बोला! तीन आठवडे राबराब राबून हे ऐकायचं. तो मटकन खुर्चीत बसला.

"आई, अगं बाबांची! तीच गाडी. तोच नंबर. ठोकळ्याचा तुटलेला कोपरासुद्धा तोच आहे."

"असेल बाबा. मी कुठे नाही म्हणते?" आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पण यांची गाडी खोकायची रे."

ती खोकायची! हे तो विसरलाच कसा? कोपऱ्यावर बाबांनी वेग कमी केला की गाडी दोनदा खोकायची. आधी एक मोठा फटका, आणि त्याच्या मागून एक बारका, माणसानं बोलायच्या आधी घसा साफ करावा तसा. खोकला ऐकला की आई गॅसकडून मान न वळवता म्हणायची, "किती वेळा सांगितलं, ती गाडी एकदा दाखवून घ्या!" आणि जिना चढता चढता बाबांचं उत्तर ठरलेलं: "उद्या." पंचवीस वर्षं, रोज संध्याकाळी, हेच. लहानपणी त्याला वाटायचं, सगळ्यांच्या घरात असंच बोलून दिवस संपतो.

"आधी नव्हता बरं का तो खोकला," आई आधण ठेवता ठेवता बोलत होती. "गाडी नवीन होती तेव्हा चांगली चालायची. तेव्हा गल्लीत असल्याच आणखी दोन गाड्या होत्या, सगळ्यांचा आवाज सारखा. एकदा यांना फार उशीर झाला. मी इथेच उभी, तापलेली. खाली गाडी थांबली, आणि मी न बघताच खिडकीतून सुरू केलं. 'या! उगवलात का? कुठे उंडारत होता इतका वेळ? घर आहे याची आठवण आहे ना?' तो होता गल्लीतलाच एक मीटर वाचणारा. बिचारा दोन मजले चढून वर आला आणि दारात उभा राहून म्हणतो कसा, 'वहिनी, साहेबांनीच उशिरा सोडलं हो.'"

ती हसली, पदरानं डोळे पुसले, पुन्हा हसली. "तुझे बाबा आठ दिवस हसत होते. मी तर कानाला खडाच लावला, खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मग पुढच्या महिन्यात यांच्या गाडीला तो खोकला लागला, आणि माझी चूक पुन्हा कधी झाली नाही."

शुक्रवारी सकाळी किल्लीवाला गॅरेजवर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्तरी, गाडी बिघडवून द्या."

मिस्तरीनं पाना खाली ठेवला. "पुन्हा बोला."

"खोकायला हवी. कोपऱ्यावर, दोनदा."

"भाऊ, चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात. माझ्या हातून आवाज करणारी गाडी बाहेर गेलेली नाही. लोक काय म्हणतील? मिस्तरीनं गाडी बरी केली आणि मग आजारी पाडली?"

बराच वेळ तो ऐकेना. शेवटी किल्लीवाला एवढंच म्हणाला, "ती गाडी मी विकली होती, मिस्तरी. तिला न विचारता." मिस्तरी जरा वेळ हातावरचं ग्रीस पुसत राहिला. मग म्हणाला, "माझ्या गॅरेजचं नाव कुठे घ्यायचं नाही. कबूल?"

पण बिघडवणं हे दुरुस्तीपेक्षा अवघड निघालं. मिस्तरीनं व्हॉल्व्हची फट वाढवली. गाडी घराखाली आली आणि आई खिडकीतून म्हणाली, "हा खोकला नव्हे, दात वाजतायत तिचे." मिस्तरीनं ठिणगीची वेळ मागे सरकवली. "ही उचकी झाली." पेट्रोल कमी केलं, तर म्हणाली, "हा तर दमा! यांच्या गाडीला दमा नव्हता, मिस्तरी. उगाच बदनामी करू नका तिची." मिस्तरी खाली रस्त्यावर कपाळाला हात लावून उभा. असलं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं.

चौथ्या वेळेला आई खिडकीतून बाजूला झाली. किल्लीवाला वर आला तेव्हा ती खाटेवर बसली होती.

"पुरे आता," ती म्हणाली. "सारखं सारखं 'हा का, हा का' विचारलंस, तर जो खरा आठवतोय तोही जाईल माझ्या डोक्यातून. तेवढाच आहे माझ्याकडे." आणि मग हलकेच, "तू एवढं केलंस ना, पोचलं मला."

पोचलं म्हणाली, पण चेहरा सांगत होता की पोचलं नव्हतं. किल्लीवाला त्या रात्री धड जेवला नाही.

शनिवारी तो दुकानात नुसता बसून होता. दोन दिवस उरले होते. गिऱ्हाईक आलं, त्याला दुसऱ्याचीच किल्ली दिली, ते परत येऊन ओरडून गेलं. मिस्तरी दुपारी स्वतःच दुकानात आला. हरल्याचं त्याच्या मनाला लागलं होतं.

"जे होतं ते मीच काढलं असणार," तो म्हणाला. "मी जे बदललं, त्यातच तो खोकला होता. माझी पिशवी कुठे आहे?"

पिशवी खिळ्यालाच होती. काउंटरवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ती उलटी केली. जुना प्लग, चकत्या, स्प्रिंगा, वायरीचे तुकडे. मिस्तरी एकेक वस्तू उचलून बाजूला सारत होता. "ही नाही. ही पण नाही." त्याला धुराच्या नळीची तांब्याची रिंग सापडली, म्हणजे इंजिनाला जिथं धुराची नळी जोडतात तिथं मध्ये बसते ती. काढताना इतकी घट्ट बसली होती की त्यानं ती छिन्नीनं तोडली होती. दोन अर्धुकं.

"इथून हवा आत जात असेल तर वेग कमी करताना गाडी फटके मारणार," तो पुटपुटला. "पण ही रिंग तर झिजलेली दिसत नाही."

किल्लीवाल्यानं एक अर्धुक हातात घेतलं, सवयीनं दिव्यासमोर धरलं आणि जागीच खिळला.

रिंगच्या कडेला एक खाच होती. तांदळाच्या दाण्याएवढी, दोन्ही बाजू सरळ. ती झिजून पडलेली नव्हती की फुटून झालेली नव्हती. ती कानशीनं पाडलेली होती. आणि खाचेच्या डाव्या कडेवर एक तिरपा, हलका, शेवटचा हात फिरवलेला होता, बोचरी कड मोडायला. किल्लीचा दात पाडून झाला की असा तिरपा हात फिरवायचा, हे किल्लीवाल्याला याच काउंटरमागे कोणी शिकवलं होतं ते वेगळं सांगायला नको. जगात अशा कोनात कानस धरणारी माणसं दोनच होती.

"बाबा," तो मोठ्यानं म्हणाला.

गल्लीत तीन सारख्या गाड्या. खिडकीत तापलेली आई. वर चढून आलेला मीटरवाला. आठ दिवस हसणारे बाबा, आणि मग एका दुपारी याच दुकानात बसून, जीभ दातांत धरून, आपल्या धडधाकट गाडीच्या रिंगेला कानस लावणारे बाबा. तिला पुन्हा कधी चुकू नये म्हणून. आणि त्यानंतर पंचवीस वर्षं जिन्यात "उद्या, उद्या" म्हणणारे बाबा. किल्लीवाला काउंटरवर डोकं टेकून रडला. मोठ्यानं रडला, दुकान उघडं असताना. मिस्तरीनं जाऊन अर्धं शटर ओढलं.

मग पुढचं काम मिस्तरीचं नव्हतंच. तुटकी रिंग परत बसणार नव्हती, नवी घ्यायची होती आणि तिच्यात तीच खाच पाडायची होती. म्हणजे डुप्लिकेट करायचं होतं, जुन्यावरून नवं. किल्लीवाल्यानं आयुष्यभर दुसरं केलंय काय? त्यानं जुनं अर्धुक शिकंज्यात एका बाजूला पकडलं, नवी रिंग दुसऱ्या बाजूला, आणि बाबांची बारीक कानस घेतली. पहिली रिंग खोल गेली. ती त्यानं फेकून दिली. दुसरीला त्यानं श्वास रोखून तीन हात दिले, थांबला, अर्धा हात दिला, आणि शेवटी डावीकडून तो तिरपा. अंगठ्यानं दोन्ही खाचा चाचपल्या. डोळे मिटले तर कोणती जुनी आणि कोणती नवी हे सांगता आलं नसतं.

मिस्तरीनं शुक्रवारी बिघडवलेलं सगळं पुन्हा जागच्या जागी आणलं. मग ती रिंग बसवताना म्हणाला, "माझी काही हरकत नाही. हा बिघाड नाही, ही कारागिरी आहे." रविवारी दुपारी दोघांनी गाडी दूर, मोकळ्या रस्त्यावर नेऊन एकदाच बघितली. मग गाडी बंद केली आणि साडेसहाची वाट बघत रस्त्याच्या कडेला बसून राहिले.

आईला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिची दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. किल्लीवाल्याची बायको भाजी निवडत होती, आणि आई ओट्याशी, खिडकीकडे पाठ करून, कपबश्या पुसत होती.

मागे मिस्तरीला बसवून किल्लीवाला कोपऱ्यावर आला. त्यानं वेग कमी केला. गाडी एकदा मोठ्यानं खोकली. आणि मागून दुसऱ्यांदा, बारीक, घसा साफ केल्यासारखी.

वरच्या खिडकीतून, मान न वळवता, सवयीच्या खणखणीत आवाजात आईचे शब्द आले:

"किती वेळा सांगितलं, ती गाडी एकदा दाखवून घ्या!"

'घ्या' म्हणाली ती. पाठोपाठ वर कपबशी फुटली.

किल्लीवाला जिना चढायला लागला. उत्तर त्याला माहीत होतं, जिन्याच्या कोणत्या पायरीवर द्यायचं तेही माहीत होतं. त्या पायरीवर तो थांबला, तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. दोन अक्षरांचा एक शब्द, तो काही केल्या बाहेर आला नाही. तो तसाच वर गेला. आई फुटलेल्या कपाच्या तुकड्यांमध्ये उभी होती आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून रडत होती. त्यानं तिला जवळ घेतलं. खाली गाडी चालू राहिली होती, ती मिस्तरीनं बंद केली.

दवाखान्यात जाताना, सोमवारी पहाटे, त्यानं तिला जुन्या रिंगेचं अर्धुक दिलं आणि उजव्या कानाशी सगळं सांगितलं. तिनं त्या खाचेवरून अंगठा फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला.

"पंचवीस वर्षं मी घसा कोरडा करत होते," ती म्हणाली. "आणि हे, कानस घेऊन! लबाड. लबाड माणूस." ती हसत होती आणि गाल ओले होत होते. ऑपरेशनला नेईपर्यंत ती रिंग तिच्या मुठीत होती. नर्सनं मागितली तेव्हा तिनं ती सुनेच्या हातात दिली आणि सांगितलं, हरवू नकोस.

गाठ निघाली. आई दहा दिवसांनी घरी आली. बोलताना आता मोठ्यानं बोलते, आपला आवाज किती झाला ते तिला कळत नाही, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं गल्लीला कळतं असं सून म्हणते. समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून बरंचसं ओळखते.

महिन्याभरानं मिस्तरी दुकानात आला. "आता तरी चांगली रिंग टाकू का, भाऊ? आता ऐकणारं कोण आहे?" किल्लीवाल्यानं नुसती मान हलवली. मिस्तरीनंही मग पुन्हा विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तो कोपऱ्यावरून वळला, गाडी दोनदा खोकली, वर कोणाचा आवाज आला नाही. तो वर गेला. आई ओट्याशी पाठ करून उभी होती. सुनेनं तिच्या खांद्याला हात लावला, तशी ती वळली, त्याच्या हातातली गाडीची किल्ली बघितली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गाडी दाखवून घेतलीस का रे?"

किल्लीवाला तिच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, उजेडात, तिला ओठ नीट दिसतील असा.

"उद्या," तो म्हणाला.

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग वळून तिनं गॅसवर आधण ठेवलं.